चूलबंद आवतन

१

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, लाइट असली तर, नीला बेबीनंदाच्या दुकानात जाऊन बसायची. परतूरच्या स्टेशन रोडवरचं ते दुकान म्हणजे पुढं झेरॉक्स आणि एसटीडी फोन, आणि फुलाफुलांच्या पडद्यामागं तीन कॉम्प्युटर. बेबीनंदा कॉलेजच्या पोरांवर खेकसायची, पण नीलासाठी पंख्याखालची खुर्ची राखून ठेवायची.

"काय काकू, आज कुठली स्वारी?"

"अंबड. देवीच्या डोंगरावरून सगळं गाव काढलं. एक्केचाळीस फोटो."

"त्यात वानरं किती?"

"तेरा."

"मंग बराबर. मागच्या बारीला तर निम्मी वानरंच होती."

कॅमेरा मुकुंदानं दिला होता. मुकुंदा नीलाचा मुलगा, पुण्याला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी जगन्नाथराव गेले, तेव्हा आईनं भिंतीकडं बघत बसू नये म्हणून त्यानं तो छोटासा कॅमेरा तिच्या हातात ठेवला. झालं उलटंच. आई घरात सापडेनाशी झाली. डबा घ्यायचा, मिळेल ती एसटी पकडायची आणि कुठल्याही गावी उतरून पार, बारव, आठवडी बाजार, दारातल्या म्हाताऱ्या, जे दिसेल ते टिपायचं. मग बेबीनंदाच्या मदतीनं ते फोटो इंटरनेटवरच्या एका साइटवर टाकायचे.

आणि लोक बघायचे! नोकरीपायी लांब गेलेले, लग्न होऊन परमुलखात पडलेल्या, कुठून कुठून लिहायचे. आमची शाळा अजून आहे का? वेशीतलं चिंचेचं झाड टाका ना. नीला मुद्दाम जायची आणि काढून आणायची. दुबईचा एक इंजिनिअर आपल्या गावच्या पानटपरीचा फोटो बघून रडला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं अकरा वर्षांनी भावाला फोन केला होता. बावन्न वर्षांत नीलाची इतक्या जणांनी कधी विचारपूस केली नव्हती.

एकच गोष्ट घशात अडकून होती. संक्रांत झाली की घर विकायचं ठरलं होतं. काकासाहेब म्हणून कापसाचे एक अडते होते, भला माणूस, ते घेणार होते. मुकुंदा म्हणायचा, एकटीनं किती दिवस राहायचं? नीलानं हो म्हटलं होतं. पण रोज दुपारी ती मधल्या खोलीकडं तोंड करून "चहा ठेवते हं" म्हणायची आणि उत्तरासाठी क्षणभर थांबायची. जगन्नाथराव या घरात कुठं असतील, तर त्यांना कुलूप लावून जाणं तिच्यानं होणार नव्हतं. नसतील, तर मग पुणं काय आणि परतूर काय, सारखंच.

पण हे विचारायचं कुणाला?

२

दिवाळी झाली आणि कांताबाईंचा निरोप आला.

कांताबाई भिलाईला राहायच्या. वर्षभर त्या नीलाचा प्रत्येक फोटो बघत होत्या आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहीत होत्या. स्वतः कधी फोटो टाकायच्या नाहीत. या वेळी त्यांनी लिहिलं, "ताई, माझं माहेर तीर्थपुरीचं. मारुतीच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर, निळं दार. एकदा दाखवाल का?"

नीला दोन एसट्या बदलून गेली. घर सापडलं. निळा रंग पोपडे धरून गळत होता, कडीला कुलूप होतं. दारापुढचा ओटा स्वच्छ, मोकळा. दुपारचं ऊन त्याच्यावर सपाट पडलेलं. शेजारच्या घरातून झुंबरबाई नावाची म्हातारी बाहेर आली.

"सरकारी हाय का?"

"नाही हो. हौस."

"मंग माझा बी काढा."

नीलानं तिचा वेगळा फोटो काढला, चहा घेतला आणि परत आली. शुक्रवारी निळ्या दाराचा फोटो टाकला. मंगळवारी त्याखाली कांताबाईंच्या ओळी होत्या.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? आई ओट्यावरच बसलीय. डोक्यावरून पदर अजून तस्साच. उन्हाची का बसलीय पण? तुम्ही तिला आत व्हा म्हणाला नाहीत का?"

३

"त्यांची गल्लत झाली असेल," नीला म्हणाली. "झुंबरबाईंचा फोटो बघितला असेल त्यांनी."

"तो कुठं टाकलाय आपन?" बेबीनंदा म्हणाली. "तो तर ह्या डब्यात हाय अजून."

तिनं निळ्या दाराचा फोटो मोठा केला. अजून मोठा केला. ओट्याचे दगड पडदाभर झाले, त्यांच्यामधली माती दिसायला लागली. ऊन आणि दगड, याच्याशिवाय काही नाही.

"डोळे गेले असतील बाईचे."

"वर्षभर फोटो बघतात त्या."

"मंग फोन लावा. नंबर दिलाय ना त्यांनी?"

पलीकडून फोन उचलला गेला तेव्हा मागं कुकरची शिट्टी होत होती. कांताबाईंचा आवाज मोठा, हसरा, तोंडात लवंग धरल्यासारखा. नीलाला पहिल्या वाक्यातच त्या आवडल्या. भिलाईची थंडी, सुनेची नोकरी, गुडघे, सगळं झालं. मग नीलानं हळूच विचारलं,

"आई जाऊन किती वर्षं झाली हो तुमची?"

"गेली?" कांताबाई हसल्या. "ती कुठं जातेय! तुम्हीच तर दाखवली ना परवा ओट्यावर. थांबा हं ताई, गॅस बारीक करते."

नीला फोन धरून उभी राहिली. पलीकडं भांडं सरकलं, नळ सुटला, बंद झाला. इतकं साधं घर ऐकू येत होतं की भ्यायला जागाच नव्हती.

त्या दिवसापासून एक विचार तिला सोडीना. मधल्या खोलीत खिडकीखाली जगन्नाथरावांची बसायची जागा होती. पेपर, तंबाखूची डबी, दांडी तुटली म्हणून काळा दोरा बांधलेला चष्मा. एक फोटो काढायचा आणि टाकायचा, एवढंच. दोनदा तिनं कॅमेरा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. कुणी दिसेल याची भीती नव्हती. कांताबाई म्हणाल्या, "खोली छान आहे हो, रिकामी," तर?

४

पुढच्या निरोपात कांताबाईंनी आतल्या खोलीचा फोटो मागितला. किल्ली झुंबरबाईकडं होती.

"बघा बापा," झुंबरबाई किल्ली देत म्हणाली. "म्या आत येत न्हाई. गुडघा दुखतो."

"कुठं गेली हो या घरची माणसं?"

"ऱ्हायली न्हाईत," म्हातारी म्हणाली आणि शेंगा निवडायला लागली.

आत अंधार नव्हता. कौलांतून उन्हाचे चट्टे पडले होते. कोपऱ्यात चूल, तिच्यात जुनी पांढरी राख, नीलानं बोट लावून बघितलं, थंडगार. खुंट्या रिकाम्या, फडताळ रिकामं. बाहेर झुंबरबाईच्या सुपाचा आवाज येत होता. तो आवाज होता म्हणून बरं वाटत होतं.

नीलानं कॅमेरा डोळ्यांपुढं धरला. थोडी मागं सरकली. अजून थोडी. एक पाऊल डावीकडं घेतलं. "हं, जरा जवळ जवळ," असं तोंडातल्या तोंडात म्हणाली आणि बटण दाबलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. लग्नात सगळं घर ओळीनं उभं राहिलं की कडेची माणसं सुटू नयेत म्हणून आपण जसं मागं मागं जातो, तशी ती मागं आली होती. पाठ दाराला टेकेपर्यंत.

एका चुलीसाठी?

तिनं स्वतःला समजावलं, सवय आहे हाताला. कुलूप लावलं, किल्ली दिली, चहा घेतला नाही.

फोटोखाली कांताबाईंनी लिहिलं, "सगळे एकाच फोटोत! आई, नाना, दादा-वहिनी, आणि आत्यासुद्धा हसतेय. ताई, तुमच्या हाताला गुण आहे. पण वाळलेत सगळे. जेवत नाहीत की काय?"

५

घर सोडायच्या आधी गल्लीला एकदा जेवू घालायचं नीलानं ठरवलं. जगन्नाथराव असते तर त्यांनी कंबरेला पंचा बांधून वाढप केलं असतं. वाढायची भारी हौस. "अर्धीच, अर्धीच पोळी," असं म्हणायचे आणि दोन वाढून पुढं सरकायचे.

झुंबरबाईला आवतन द्यायला नीला स्वतः तीर्थपुरीला गेली. पिशवीत हळद लावलेल्या अक्षता होत्या. कांताबाईंचा निरोपही होता, "ताई, आमच्या दाराला पण दोन दाणे टाका. बंद आहे म्हणून वगळू नका."

त्यात वावगं काही नव्हतं. बंद घरालाही आवतन देतात, उद्या कुणी म्हणू नये की आम्हांला विसरले. नीलानं निळ्या दाराच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. रिकाम्या दाराशी बोलायचं म्हणून तिला हसू आलं, आणि हसता हसता ती मोठ्यानं म्हणाली,

"रविवारी दुपारी परतूरला जेवायला यायचं बरं का. चूलबंद आवतन आहे!"

झुंबरबाईचं सूप थांबलं.

"आवो बाई, चूलबंद कशापायी म्हनलात? एकाचं म्हनायचं. चूलबंद म्हंजे सगळं घर आलं. त्या दिशी त्यांच्या चुलीला इस्तू लागत न्हाई. समद्यांचा भार तुमच्यावर."

"माहीत आहे हो. पण आहे कोण तिथं?"

"त्ये बी खरंच," म्हातारी म्हणाली. पण दाराकडं बघितलं नाही.

नीला एसटीसाठी निघाली. चार पावलं गेली असेल. मागं, कुलूप लावलेल्या दाराच्या आत, चर्र असा आवाज झाला. पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं की होतो तसा. मग ओल्या राखेचा वास आला.

झुंबरबाई शेंगाच निवडत होती. नीलानं मागं वळून बघितलं नाही. बोटाला लागलेली ती थंडगार राख तिला आठवत होती.

६

रविवारी सकाळपासून घर गजबजलं. पुरणाच्या पोळ्या, भरली वांगी, येसराची आमटी. बेबीनंदा दुकान बंद ठेवून पोळ्या लाटायला आली होती. झुंबरबाई दहाच्या एसटीनं आली आणि दारातच सुरू झाली,

"कंडक्टर येडा बगा! मागं सरका, मागं सरका, लोकं हुभी हायती म्हनून वरडतोय. म्या मागं बघितलं तर बिलकुल मोकळं! तिकिटं बी इचारत होता मला, तुमच्याच संगं हायती का म्हनून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, आसतील बापा."

सगळे हसले. नीलाही हसली.

पंगत पुढच्या खोलीत बसली. पंचवीस माणसांचा स्वयंपाक होता, सोळा जेवली. काकासाहेबांनी ढेकर देऊन सांगितलं, "ताई, घराचं राहू द्या, तुमची आमटीच द्या मला लिहून." त्यांची नात मधल्या खोलीत जाऊन येऊन उड्या मारत होती. हसत खेळत तीन वाजले, पानसुपारी झाली, लोक पांगले. झुंबरबाईला एसटीत बसवून दिलं. जाताना ती एकटीच खिडकीशी बसली, आणि कंडक्टर काही ओरडला नाही.

"काकू, हे काय?" बेबीनंदा पातेली घासायला घेत म्हणाली. "नऊ माणसांचं उरायला पाहिजे. हे तर पुसून ठेवल्यावानी."

"काकासाहेब जेवणारा माणूस आहे."

"नऊ जणांचं?"

बेबीनंदा गेली. नीलानं अजून एकही घास खाल्ला नव्हता. ती मधल्या खोलीच्या दारात आली आणि थबकली.

भिंतीला टेकवून ठेवलेले सहा पाट खाली मांडले होते. एका ओळीत, मध्ये हातभर अंतर सोडून. काकासाहेबांच्या नातीनं मांडले असतील. ती खेळतच होती इथं. पाच वर्षांची पोर. हे शिसवी पाट नीलाला एका वेळी दोन उचलत नव्हते.

शहाबादी फरशी गार होती. खिडकीतून ऊन येऊन जगन्नाथरावांच्या जागेवर पडलं होतं. कुठंच काही हलत नव्हतं. तरी ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. बोलता बोलता कुणी आत आलं की माणसं गप्प होतात, तशी ती होती.

नीलानं देवळीतला कॅमेरा घेतला. मागं सरकली. अजून मागं. पाठ भिंतीला टेकली, तेव्हा बटण दाबलं.

७

"आत्ताच टाकायचाय? रविवारी?" बेबीनंदानं कुरकुरत दुकान उघडलं.

नीलानं फोटोखाली स्वतः एक एक अक्षर शोधून टाइप केलं. "कांताताई, खरं सांगा. कुणी दिसतं का?"

दोघी बघत बसल्या. पंखा कटकट करत फिरत होता. पाच मिनिटं झाली असतील नसतील, उत्तर आलं.

"सगळे आलेत ताई! आई, नाना, दादा-वहिनी, आत्या, ओळीनं पाटावर बसलेत. किती दिवसांनी पोटभर जेवले बघा, तोंडावर तेज आलंय. आणि वाढताहेत ते तुमचे यजमान ना? चष्म्याला काळा दोरा आहे. लबाड आहेत हो! अर्धीच, अर्धीच म्हणतात आणि दोन वाढतात."

नीलाच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळेही वाहायला लागले. तिनं पदर तोंडाला लावला. चष्म्याचा दोरा तिनं कधी कुठं लिहिला नव्हता. आणि फोटोत आवाज येत नसतो, एवढं तिलाही कळत होतं.

"काकू, अजून आलंय खाली," बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"सहाव्या पाटावर मात्र कुणी नाही. पान वाढलंय, भोवती रांगोळी काढलीय. त्या पानासाठी सगळे थांबलेत, दाराकडं बघत. कुणाची वाट बघताहेत हो ताई?"

बेबीनंदानं मॉनिटर बंद केला. न विचारता.

"काकू, तुमी सकाळपून वाढूनच राह्यल्या. जेवलात कुठं? माझ्याकडं चला. भाकर टाकते."

"नको ग. आधी फोन लाव मुकुंदाला."

मुकुंदा झोपेतून उठला होता. नीलानं एका दमात सांगितलं, "घर द्यायचं नाही."

"आई! काकासाहेबांना काय सांगायचं?"

"मी सांगते. पोटभर जेवलेला माणूस आहे, आज नाही रागवायचा."

"पण झालं काय अचानक?"

"पाहुणे आहेत घरात."

"किती दिवस?"

"असं विचारतात का पाहुण्यांना?" नीला म्हणाली आणि फोन ठेवला.

ती घराकडं निघाली. उतरत्या उन्हात स्टेशन रोड पिवळा झाला होता, परभणीकडची गाडी शिट्टी देत गेली. पाय भराभर उचलत होते. घरात कुणीतरी आहे आणि आपण तिकडं चाललो आहोत, ही चाल ती तीन वर्षांत विसरली होती.

दाराशी मात्र ती थांबली. किल्ली कुलपात घातली, फिरवली नाही. आत काही आवाज नव्हता. सगळ्यांची पोटं भरली आहेत, एक पान राहिलं म्हणून पंगत उठायची थांबली आहे, अशी शांतता. पोटात भुकेचा खड्डा पडला होता. ते पान कुणाचं, हे तिला कांताबाईंनी सांगायची गरज नव्हती. आत जायचं, हातपाय धुवायचे, बसायचं. शेजारून कुणी म्हणेल, अर्धीच. इतकं सोपं. फक्त त्या पंगतीतून मग उठायचं नाही.

तिनं किल्ली फिरवली. दार ढकललं. चपला काढल्या. आणि मधल्या खोलीकडं न बघता, तीस वर्षं या घरातल्या प्रत्येक पंगतीला म्हणत आली तेच, तशाच घाईच्या, हसऱ्या आवाजात म्हणाली,

"अहो, सगळ्यांना बसू द्या हो, सावकाश होऊ द्या. घरचं माणूस मागून जेवतं. माझं मागून!"

काही क्षण काहीच झालं नाही.

मग मधल्या खोलीत फरशीवरून एक पाट घासत गेला. सावकाश, जड. भिंतीला टेकला, आणि थांबला.

नीलानं पदर खोचला आणि दुसऱ्या पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली.